माझ्या दाढेचं जिग रिजेक्ट करणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

दाढ बसवून झाल्यावर तुमच्या काउंटरवरच्या मुलीनं माझ्याच मोबाईलवर मला पाच चांदण्या द्यायला लावल्या. दिल्या. पण माझं म्हणणं त्या चांदण्यांत मावेना, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणारही नाही. ‘टूलरूमवाले काका’ म्हटलं की मी कोण ते तुम्हाला कळेलच.

मी ३४ वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात जिग-फिक्स्चर बनवली. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एखाद्या पार्टला ठरल्या जागी, ठरल्या कोनात, ठरल्या खोलीचं भोक पाडायचं असेल तर त्यावर एक साचा घट्ट बसवतात. त्यात कडक पोलादाचा बुश असतो आणि ड्रिल त्या बुशातून उतरतं. म्हणजे चालवणारा नवखा असला तरी ड्रिल भरकटत नाही. हीच वस्तू पारदर्शक प्लास्टिकची करून कुणी माझ्या तोंडात बसवेल, असं रिटायर होताना वाटलं नव्हतं.

डावीकडची खालची दाढ काढून चार वर्षं झाली होती, तिच्या जागी हाडात स्क्रू घालून नवी दाढ बसवायची होती. ऊस बंद, सुक्कं मटण फक्त उजवीकडनं. मुलाकडं दुसऱ्या शहरात गेलो असताना तिथल्या एका दवाखान्यात गेलो. ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढला, त्यावर पट्टी ठेवली, “सोळा मिमी हाड आहे, तेराचा स्क्रू आरामात बसतो, परवा या.” सगळं मिळून दहा मिनिटं. आत ते परत मोजून घेणारही असतील, मी कुणाला बोल लावत नाही. पण मला ड्रॉइंग कुणी दाखवलं नाही, आणि ड्रॉइंग बघितल्याशिवाय ड्रिल लावायची मला सवय नाही. मी परवा गेलोच नाही.

तुमच्याकडं तोच ओपीजी घेऊन आलो. तुम्ही तो उजेडात धरलात आणि म्हणालात, “काका, हा वळणाचा जबडा सपाट पसरून काढलेला फोटो आहे. यात सगळं वीस-पंचवीस टक्के मोठं दिसतं, तेही सगळीकडं सारखं नाही. आणि जाडी तर दिसतच नाही.” माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. एकाच बाजूचा व्ह्यू, ना टॉप, ना सेक्शन. असलं ड्रॉइंग आमच्याकडं आलं असतं तर आम्ही आल्या पावली परत पाठवलं असतं.

मग तुम्ही सीबीसीटी, म्हणजे जबडा सगळ्या बाजूंनी दाखवणारा स्कॅन लिहून दिलात. स्कॅनवाला मुलगा म्हणाला, “हनुवटी इथं टेका, श्वास नेहमीसारखा घ्या, फक्त गिळू नका.” न गिळायला सांगितलं की तोंडात किती पाणी सुटतं, हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारून थांबलं. शंकूसारखा पसरणारा किरणांचा झोत असतो म्हणे, म्हणून एका फेरीत काम होतं. हे तंत्र १९९० च्या दशकाच्या शेवटी इटली आणि जपानमधनं दातांच्या कामात आलं. म्हणजे मी बुश घासत होतो तेव्हा तिकडं हे चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तुमच्या शेजारी खुर्ची दिलीत आणि स्क्रीन माझ्याकडं वळवलात, त्याबद्दल पहिले आभार. पेशंटला समोर बसवतात, शेजारी कोण बसवतो? माझा जबडा तुम्ही पावाच्या स्लाइससारखा कापत गेलात. एकेक काप सरकत होता आणि प्रत्येक कापात हाडाच्या पोटात एक काळसर गोल ठिपका. ती नसेची नळी. तुम्ही माऊसनं ठिपक्याला ठिपका जोडत नेलात आणि लाल रंगाची एक वायर जबड्यातनं धावायला लागली. “ही नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाते. हिला धक्का लागला तर ओठ बधिर होतो. काहींचा काही महिन्यांत परत येतो, काहींचा येतच नाही.”

मग माप. हाडाच्या माथ्यापासून नळीपर्यंत १३.१ मिमी. ओपीजीवरचे सोळा ते हेच, चढवून दाखवलेले. तेराचा स्क्रू म्हणजे नसेच्या छपरावर उभा राहिला असता. शिवाय ड्रिलला टोक असतं, आणि ते टोक स्क्रूच्या मापात धरलेलं नसतं. ड्रिल लिहिलेल्या मापापेक्षा थोडं खोल जातंच. हे तुम्ही सांगायच्या आधी मी बोललो आणि तुम्ही हसलात. त्या दिवसापासून आपलं जमलं.

त्याच कापात तुम्ही आणखी एक गोष्ट दाखवलीत. खालच्या जबड्याचं हाड जिभेच्या बाजूनं आत खोलगट गेलेलं, नदीनं काठ पोखरावा तसं. वरनं हिरडीला बोट लावलं तर भरीव वाटतं. ड्रिल सरळ सोडलं असतं तर ते त्या पोकळीत भिंत फोडून बाहेर पडायची भीती, आणि तिथं रक्तवाहिन्या. माथ्याची रुंदी साडेसहा मिमी उरलेली. दात काढला की पहिल्या वर्षभरातच हाड निम्म्यापर्यंत बारीक होऊ शकतं, हे तेव्हा कळलं. मी चार वर्षं घालवली होती, ‘बघू की’ म्हणत. त्यात साखर वाढलेली. “एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) खाली आणा, मग बोलू,” असं सांगून तुम्ही मला दोन महिने चालायला लावलंत. त्या दोन महिन्यांत बायकोनं तुमचे आभार माझ्या आधी मानले.

स्क्रूचं नियोजन तुम्ही स्क्रूपासनं केलंच नाही. आधी स्क्रीनवर दाढ बसवलीत, वरच्या दाढेशी ती कशी भिडते ते बघितलंत, आणि मग तिच्या खाली चार मिमी जाडीचा, दहा मिमी लांबीचा स्क्रू सरकवलात. हाड मिळेल तिथं स्क्रू ठोकायचा आणि वर दात कसातरी वाकडा बसवायचा, हे तुम्हाला पटत नव्हतं. चावण्याचा जोर स्क्रूच्या रेषेतनं खाली उतरला पाहिजे, हा तुमचा आग्रह. असेंब्ली आधी आणि पार्ट नंतर, हे आमच्याकडंही नवीन पोराला शिकवायला सहा महिने लागतात.

आता पत्राचं खरं कारण.

हाडाचं चित्र सीबीसीटीतनं आलं, पण त्यात दातांची आणि हिरडीची वरची कड नीट उमटत नाही. ती कड तुम्ही तोंडात कॅमेऱ्याची कांडी फिरवून घेतलीत. (ते गुलाबी लगद्यानं भरलेले ट्रे गेले, हे फार बरं झालं. मला दर वेळी ओकारी यायची.) मग दोन्ही चित्रं एकावर एक बसवायची आणि त्यावरनं ड्रिलला वाट दाखवणारं जिग छापायचं, त्याला तुम्ही गाइड म्हणता. माझ्या डावीकडच्या शेवटच्या दाढेवर जुनी धातूची कॅप आहे, आणि तिच्यामुळं स्कॅनमध्ये चुलीतनं ठिणग्या उडाव्यात तशा पांढऱ्या रेघा पसरल्या होत्या. कॉम्प्युटरनं आपल्या अकलेनं जुळवणी करून दाखवली, हिरवी बरोबरची खूणही दिली. तुम्ही मान हलवलीत. एकेक दाताचा काप उघडून कडा बघितल्या आणि कॅपच्या आजूबाजूचे खुणेचे बिंदू काढून टाकून उजवीकडच्या स्वच्छ दातांवर परत जुळवलंत. आमच्या भाषेत हा डेटम, म्हणजे सगळी मापं जिथनं धरायची ती जागा. डेटम चुकला की पुढचं कितीही बारीक काम करा, सगळं चुकीच्या जागी बारीक होतं.

मी न राहवून विचारलं, “मॅडम, टॉलरन्स किती?” तुम्ही टाळलं नाहीत. अशा गाइडनं केलं तरी ठरवलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांत सरासरी एक-सव्वा मिमीचा फरक पडतो, टोकाशी थोडा जास्त, कोनात तीन-चार अंश. मी उडालोच. आमच्याकडं एक मिमी चुकणाऱ्याला फोरमननं डबा घेऊन घरी जायला सांगितलं असतं. तुम्ही म्हणालात, “तुमचं लोखंड क्लॅम्पमध्ये गप्प बसतं, काका. माणूस गिळतो, हलतो, तोंड मिटतो. स्कॅनमध्ये थोडं, जुळवणीत थोडं, प्रिंटमध्ये थोडं, बुशातल्या ढिलाईत थोडं. म्हणून नसेपासून दोन मिमी सोडूनच चालायचं.” एवढं करून आपलं यंत्र कुठं चुकू शकतं, हे गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगणारा कारागीर मी फार कमी बघितला.

मग गाइड छापून आलं. ठरल्या दिवशी मी उपाशी पोटी येऊ का, असं विचारलं म्हणून तुमचा असिस्टंट हसला होता, तो दिवस. गाइड दातांवर ठेवलंत आणि त्याला ठेवलेल्या छोट्या खिडक्यांतनं बघायला लागलात. उजवीकडं दाताला चिकटलेलं, डावीकडं केसाएवढी फट. बोटानं दाबलंत, तर टुक. परत दाबलंत, टुक. जिग डुलतंय, हे मला तोंडात कळत होतं, पण तोंड उघडं असल्यामुळं बोलता येईना. तुम्ही विचारलंत, “काका, मधे काही केलंत का दातांना?”

केलं होतं. स्कॅननंतर आठ दिवसांनी एका दातातलं सिमेंट पडलं आणि मी घराजवळच्या दवाखान्यात ते भरून घेतलं. तुम्हाला सांगायचं डोक्यातच आलं नाही. साध्या एका दाताचं काय एवढं, असं वाटलं. ३४ वर्षं दुसऱ्यांना डेटम शिकवणाऱ्या माणसानं आपलाच डेटम बदलला होता.

तिथं तुम्हाला दोन रस्ते होते. गाइडची आतली कड थोडी घासायची, दाबून बसवायचं आणि काम उरकायचं. असिस्टंट तयार, सगळी हत्यारं मांडलेली, मी खुर्चीत, बाहेर चार पेशंट. फट तरी किती? केसाएवढी. पण तुम्ही ते गाइड काढून ट्रेमध्ये ठेवलंत आणि म्हणालात, “आज करायचं नाही.” परत कांडी फिरवलीत, परत जुळवणी केलीत, परत छापायला पाठवलंत. पुढचा आठवडा. दुसऱ्या गाइडचे पैसे मी देतो म्हटलं तर घेतले नाहीत. चूक माझी होती, मॅडम. ते घ्यायला हवे होते.

दुसरं गाइड कट्टकन बसलं. चारही खिडक्यांत दात भिडलेला. पुढचं काम मी कानानं ऐकलं. मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे, बारीक पायलट ड्रिल आधी, मग पिन ठेवून एक एक्स-रे, मग एकेक मोठं ड्रिल. गाइड आडवं आलं की सलाइन आतपर्यंत पोचत नाही, म्हणून तुम्ही ड्रिल सारखं वरखाली करत होतात, पाणी आत जाऊ देत होतात. हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तरी मरतं, हे मला नंतर सांगितलंत. आम्ही कूलंट ड्रिलची धार वाचवायला सोडायचो, इथं ते भोक जगवायला.

स्क्रू टायटॅनियमचा, आणि टायटॅनियमचं मला आधीपासून कौतुक नव्हतं. आमच्याकडं एकदाच त्याचं काम आलं होतं, उष्णता सोडतच नाही, ड्रिलं जाळून टाकली. पण हाडाला तोच धातू आपला वाटतो. स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची वस्तू परत निघेना, हाडच तिला धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात तसे स्क्रू बसवले. त्या माणसाला पुढं चाळीस वर्षं ते दात पुरले. म्हणजे धातू जुनाच आहे. तो कुठं, किती खोल आणि कोणत्या कोनात घालायचा, हे आता आधी बघता येतं.

त्या संध्याकाळी घरी कुणी काही बोलत नव्हतं. सगळ्यांचं लक्ष माझ्या ओठाकडं. भूल उतरायला चार तास लागतात म्हणाला होतात. साडेसातला बायकोनं निववून कोमट केलेला चहा बशीत ओतून दिला. उजव्या बाजूला कळलं. डावीकडं काही नाही. मी बशी तशीच धरून बसलो. आठच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा मिशीचा एक केस डावीकडं खालच्या ओठाला टोचला. आयुष्यात मिशी टोचली म्हणून मी पहिल्यांदा हसलो असेन. तुम्हाला फोन केला, तर तुम्ही मागं कुकरच्या शिट्ट्या चालू असताना विचारलंत, “हनुवटीला पण कळतंय ना? चिमटा काढून बघा.” काढला. कळला.

तीन महिने हाडाला धरायला दिले, मग वर कॅप. चार्टवर लिहिलेल्या जागेपासनं स्क्रू प्रत्यक्षात किती सरकला, तेही तुम्ही मी मागितल्यावर मोजून सांगितलंत. तो आकडा इथं लिहीत नाही. टूलरूमच्या लोकांना तो मोठा वाटेल, आणि मला तो पुरेसा आहे.

दोन्ही गाइड मी तुमच्याकडनं मागून आणली आहेत. शोकेसमध्ये माझ्या जुन्या व्हर्नियरशेजारी ठेवलीत. पहिल्यावर लाल पेंटचा ठिपका दिलाय, रिजेक्ट मालावर आम्ही द्यायचो तसा. येणारा प्रत्येक जण त्याच्याबद्दलच विचारतो, आणि मग त्याला ही सगळी गोष्ट ऐकावी लागते.

ऊस दातानं सोलायचा नाही, असं तुम्ही बजावलंय. नाही सोलत. नातू कोयत्यानं करवे करून देतो, आणि मी डावीकडनं चावतो.

आपला,
टूलरूमवाले काका
कोल्हापूर

ता. क. उजवीकडची वरची एक दाढ हलायला लागलीय. या वेळी चार वर्षं थांबणार नाही, आणि मधे कुठं सिमेंट भरलं तर आधी फोन करीन.