१८ महिन्यांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना पत्र

आदरणीय डॉक्टर,

सादर नमस्कार.

मुलाला १८ महिन्यांच्या तपासणीसाठी आपल्याकडे आणले, तेव्हा वजन-उंची पाहून झाली की निघावे, एवढेच माझ्या मनात होते. आपण माझ्या हाती एम-चॅटची, म्हणजे मुलात स्वमग्नतेची (ऑटिझमची) लक्षणे आहेत का हे चाळून पाहणारी, प्रश्नावली दिलीत. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीचे ते २० साधे प्रश्न मी घाईने वाचले आणि जिथे मन अडखळले तिथेही 'होय'वरच खूण केली, कारण 'नाही' लिहिणे म्हणजे स्वतःच्या लेकराविरुद्ध साक्ष देण्यासारखे वाटत होते.

तो कागद आपण तसाच फाइलला लावला नाहीत, म्हणून हे पत्र.

मूल एखादी गोष्ट दाखवण्यासाठी बोट करते का, या प्रश्नापुढची माझी खूण पाहून आपण विचारलेत, "शेवटचे कधी केले? कशाकडे?" मला एकही प्रसंग आठवेना. हवी ती वस्तू मिळावी म्हणून तो माझा हात धरून ओढत नेई. पण पक्षी दिसला, तो आईलाही दिसावा, एवढ्याच आनंदासाठी त्याने कधी बोट केले नव्हते. हा फरक इतका मोलाचा असतो, हे मला ठाऊकच नव्हते. मग आपण त्याच्या पाठीमागे जाऊन हळू आवाजात त्याला हाक मारलीत. तो ठोकळे रचत राहिला. आवाज चढवल्यावर मात्र त्याने लगेच मान वळवली.

तोवर मला सगळीकडून एकच ऐकायला मिळत होते, की मुलगे उशिराच बोलतात. एका डॉक्टरांनीही तेच सांगून परत पाठवले होते. मुलगे सरासरीने थोडे मागून बोलतात हे खरे असले, तरी तेवढ्यावर विसंबून तपासणी टाळायची नसते, आणि घरात दोन भाषा बोलल्याने मूल बोलायचे मागे पडत नाही, हे आपण शांतपणे समजावलेत. जन्मानंतरची ऐकण्याची चाचणी व्यवस्थित आली होती, असे मी म्हटल्यावर आपण सांगितलेत की, तेव्हा नीट ऐकू येणाऱ्या मुलाच्याही कानाच्या पडद्यामागे पुढे सर्दीनंतर पाणी साचू शकते, आणि ऐकणे कधी कमी, कधी बरे असे होत राहिल्याने घरच्यांच्या ते ध्यानात येत नाही. ही प्रश्नावली केवळ चाळणी आहे, निदान नाही, हेही आपण दोनदा सांगितलेत. त्या रात्री मला झोप लागली ती या एका वाक्यामुळे.

कान तपासल्यावर दोन्हींत पाणी साचलेले आढळले. काही महिने वाट पाहूनही ते ओसरले नाही, तेव्हा लहानशी शस्त्रक्रिया करून पडद्यात नळ्या बसवल्या. मात्र त्यासाठी न थांबता आपण स्पीच थेरपी आधीच सुरू करायला लावलीत. त्याच्यासमोर जमिनीवर बसायचे, एक वाक्य बोलायचे आणि मनात पाचपर्यंत मोजत त्याच्या तोंडाकडे पाहत थांबायचे, हे मी तिथे शिकले. न बोलता थांबणे मला सर्वांत जड गेले.

तो आता अडीच वर्षांचा आहे. परवा रात्री दिवा मालवल्यावर तो उठून बसला, दाराकडे बोट करून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आई, पाणी पडतं." स्वयंपाकघरातला नळ खरोखरच टपकत होता.

आपली कृतज्ञ,
त्याची आई