शनिवारची पायपीट : मिशन व्हॅली

सर्व सभासदांना कळवण्यात येते की सॅन डिएगोच्या मिशन व्हॅली भागातल्या जुन्या स्टेडियमच्या जागेवर उभी राहणारी नवी वस्ती बघायला आपण येत्या शनिवारी जात आहोत. सकाळी बरोबर 8:30, ट्रॉलीचा (म्हणजे शहरातल्या हलक्या रेल्वेचा) स्टेडियम थांबा, ग्रीन लाइन. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही.

जुन्या सभासदांना 1967 चं ते काँक्रीटचं स्टेडियम आठवत असेल. पॅड्रेस हा बेसबॉल संघ तिथून गेला, मग चार्जर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघही गेला, तो थेट लॉस एंजेलिसला. उरलं ते अफाट डांबरी पार्किंग. 2020 मध्ये सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीने इथली 135 एकर जागा शहराकडून विकत घेतली. 35,000 आसनांचं नवं स्टेडियम 2022 पासून सुरू आहे. आराखड्यात 4,600 घरं, दुकानं, हॉटेल आणि संशोधनाच्या इमारती आहेत. शिवाय नदीकाठचं उद्यान. खरं सांगायचं तर मला त्याचंच अप्रूप जास्त. ज्या नदीकडे इतकी वर्षं गाड्यांची पाठ होती, तिच्याकडे आता माणसांचं तोंड असेल.

- शक्यतो ट्रॉलीनेच या. सामना किंवा कार्यक्रम असेल तर पार्किंगचे पैसे पडतात, तेही सणसणीत.
- टोपी आणि पाणी हवंच. झाडं नवी आहेत, सावलीचा भरवसा नाही.
- बांधकामाच्या कुंपणाआत कोणीही शिरू नये. फोटोसाठीही नाही.
- मुलांना जरूर आणा, बाबागाडी चालेल.
- खाणं आपापलं. तिखटमिठाच्या पुऱ्या जास्त झाल्या तर चिटणीसांकडे द्याव्यात.

येणाऱ्यांनी गुरुवार रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव आणि माणसांची संख्या टाकावी. नुसता अंगठा दाखवू नये, मोजता येत नाही.

– चिटणीस