गिटारचा सराव रोज वीस मिनिटे

महोदय,

हौसेने घेतलेली गिटार दीड-दोन महिन्यांत कपाटावर गेली, की शिकणाऱ्यात चिकाटी नव्हती असे म्हटले जाते. हा ठपका बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. रविवारी सलग दोन तास आणि मग आठवडाभर काहीच नाही, असा सराव केला की बोटे सोलवटतात, भरून येतात आणि पुन्हा मऊ पडतात. तेच रोज १५ ते २० मिनिटे वाजवले तर साधारण ३-४ आठवड्यांत घट्टे पडतात आणि दुखणे ओसरते. सुरुवातीला याहून जास्त ताणू नये. थकलेली बोटे तार नको तितकी दाबतात आणि तीच सवय हातात बसते.

आधी वाद्य तपासावे. स्टीलच्या तारांच्या गिटारवर बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरची धातूची आडवी पट्टी) सर्वांत जाड तार फ्रेटपासून साधारण २.५ मिलिमीटर वर असावी. अंतर ३ च्या बरेच वर असेल तर कितीही जिद्द असली तरी बोटे हरतात. जाणकार कारागिराकडून तारा खाली घेऊन घ्याव्यात, हलक्या तारांचा सेट लावावा.

बसल्यावर पहिले काम ट्युनरवर, म्हणजे सूर दाखवणाऱ्या उपकरणावर, सूर लावणे. बेसूर गिटारवर बरोबर धरलेली कॉर्डही (एकत्र वाजवायचा सुरांचा गट) चुकीची वाटते आणि शिकणारा आपल्याच बोटांत दोष शोधत राहतो. मग कॉर्ड धरून सहाही तारा एकेक करून छेडाव्यात. तार खरखरली तर बोट फ्रेटपासून मागे पडले आहे; ते धातूच्या अगदी जवळ, पण धातूवर नाही, असे ठेवावे. तार मुकी झाली तर बहुधा शेजारचे बोट तिला टेकलेले असते. अशा वेळी अंगठा पाहावा. तो नेकवरून, म्हणजे गिटारच्या दांडीवरून, वर डोकावत असेल तर तळवा नेकला चिकटतो आणि बोटे आडवी पडतात.

वीसपैकी निम्मा वेळ कॉर्ड बदलण्याला द्यावा, कारण गाणे अडते ते तिथेच. सी आणि ए मायनर या कॉर्डची जोडी पहिली घ्यावी. तर्जनी आणि मधले बोट जागचे हलत नाही. फक्त अनामिका पाचव्या तारेच्या (सर्वांत बारीक तार पहिली) तिसऱ्या फ्रेटवरून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर जाते. एक मिनिट घड्याळ लावून किती वेळा बदल झाला ते वहीत लिहावे. तीसच्या आसपास पोचल्यावर मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून दर चार ठोक्यांना कॉर्ड बदलावी. या वेळी उजवा हात थांबता कामा नये, डावा चुकला तरी. बोटे बसेपर्यंत थांबून राहिले तर ते थांबणेही पाठ होते आणि नंतर गाण्यात दर बदलाला लय तुटते.

एफची बार कॉर्ड पहिले दोन महिने बाजूलाच ठेवावी. पहिल्या फ्रेटपाशी तारा सर्वांत कडक लागतात आणि तिथे एका तर्जनीने सहाही तारा दाबायच्या असतात.

गिटार पिशवीत न ठेवता स्टँडवर, उन्हापासून दूर, हाताशी असावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाजवू नये.

गिटार शिक्षकांना एक विनंती आहे. आठवड्याच्या तासानंतर ‘घरी सराव करा’ एवढ्यावर न थांबता कोणती जोडी, मेट्रोनोमचा कोणता वेग आणि किती मिनिटे, हे विद्यार्थ्याच्या वहीत लिहून द्यावे आणि पुढच्या तासाला आधी ती वही पाहावी.

– एक गिटार शिक्षक