डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीसाठी

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

परवा आईच्या हृदयाचा इको (सोनोग्राफी) झाला. पंपिंग ५५ टक्के आलं. तुमच्याकडे आणली तेव्हा २० होतं. आभार दोन महिन्यांपूर्वीच मानायचे होते, पण तेव्हा बोलायला तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं.

मामाच्या रक्षाविसर्जनाच्या सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. मामा तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, तिनंच कडेवर वाढवलेला. गावातल्या डॉक्टरांनी नाडीसुद्धा न बघता सांगितलं, "पित्त आहे. घरात मयत झाली की बायकांचं असं होतंच." दोन गोळ्या दिल्या. संध्याकाळपर्यंत तिला धाप लागून आडवंही होता येईना. पुढच्या दवाखान्यात ईसीजी बघून एकदम दुसरं टोक: मोठा अटॅक, आधी पैसे भरा. (दोघांचीही नावं लिहीत नाही. वाचतील तर ओळखतील स्वतःला.)

तुम्ही अँजिओग्राफी करून बाहेर आलात आणि म्हणालात, रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत. मग फुफ्फुसात पाणी कशानं, असं मी विचारलं. तेव्हा तुम्ही केसपेपरच्या मागं एक मडकं काढलंत, तोंड अरुंद, बूड फुगीर. जपानात ऑक्टोपस धरायला अशी मडकी समुद्रात सोडतात, त्यांना 'ताकोत्सुबो' म्हणतात. मोठा धक्का बसला की हृदयाचा डावा कप्पा कधी कधी तसाच फुगून बसतो, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी १९९० मध्ये या आजाराला तेच नाव दिलं. आणि रुग्ण बहुतेक पाळी गेलेल्या बायका. म्हणजे गावच्या डॉक्टरांचं वाक्य तसं खरंच होतं की! फक्त त्यांनी ते आईला घरी पाठवायला वापरलं.

त्या रात्री तिचं बीपी ढासळलं. हृदयाला जोर देणारी नेहमीची औषधं हिच्या बाबतीत उलटतील, असं म्हणून तुम्ही तिच्याजवळच थांबलात. त्या रात्रीबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

पण हे पत्र त्या रात्रीसाठी नाही. आई जरा बोलायला लागल्यावर तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि विचारलंत, "मावशी, घरात काय झालं होतं?" तोवर तिला कुणी हे विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही, मॅडम. मी फाईल घेऊन पळत होते. ती बराच वेळ बोलली. मोबाईल दोनदा वाजला, तुम्ही तो बघितलाही नाहीत.

डिस्चार्ज कार्ड घरी येऊन नीट वाचलं. सगळं इंग्रजीत, आणि कारणाच्या रकान्यात तुमच्या हातानं मराठीत लिहिलेलं: 'धाकट्या भावाचे निधन, ३ दिवसांपूर्वी.' (डॉक्टरांच्या मानानं अक्षर चांगलं आहे हो तुमचं.)

ते कार्ड आईनं रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय. भेटायला आलेलं कुणी "काय झालं होतं?" म्हणालं की ती पिशवी सोडते आणि त्या ओळीवर बोट ठेवते.

तुमच्यासाठी तिनं तासगावचे बेदाणे निवडून ठेवलेत. पुढच्या तपासणीला आणते. नको म्हणू नका, तिला वाईट वाटेल.

तुमची,
मावशींची मुलगी