राज्यफुलांच्या पाट्या तरी बरोबर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन राज्यातल्या एका मोठ्या शहरातलं वनस्पती उद्यान पाहायला गेले होते. तिथे भारतातल्या राज्यफुलांचं प्रदर्शन मांडलेलं होतं. कल्पना फार चांगली, गर्दीही भरपूर. आईबाप पाट्या मोठ्याने वाचून दाखवत होते, मुलं वहीत उतरवून घेत होती. मी शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. तिथे जे पाहिलं ते मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

पहिलीच पाटी महाराष्ट्राची. ‘प्राइड ऑफ इंडिया’ ठळक अक्षरांत, ‘ताम्हण’ त्याखाली बारीक. तेवढं चाललं असतं, पण पाटीखालच्या कुंडीत ताम्हण नव्हतंच. होतं ते त्याच कुळातलं, कमरेएवढं चिनी झुडूप, गुलाबी फुलांचं. हल्ली बंगल्यांच्या कुंपणाला लावतात ते. ताम्हण म्हणजे चांगला उंच वाढणारा वृक्ष. आमच्या चिपळूणकडे तो पऱ्ह्याच्या काठी, ओलीत मुळं ठेवून उभा असतो. थंडीत पानं तांबूस होऊन गळतात आणि वैशाखात रान करपलेलं असताना फांद्यांच्या टोकांना जांभळे तुरे येतात. फुलाला बहुधा सहा पाकळ्या, नुकतं पिळून काढलेल्या रेशमी कापडासारख्या चुरगळलेल्या, मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. महाराष्ट्र दिन नेमका त्याच्या बहरात येतो. उद्यानाबाहेर बसथांब्याला लागूनच एक ताम्हण फुललेलं होतं. त्याला पाटी नव्हती आणि त्याच्याकडे कुणी पाहतही नव्हतं. मी नातवंडांना तिथे नेऊन खाली पडलेली फुलं त्यांच्या हातात दिली.

दुसरी चूक मला अधिक लागली. उत्तराखंडच्या पाटीखाली आपल्याकडे गच्चीगच्चीत असतं ते ‘ब्रह्मकमळ’ ठेवलं होतं, पानालाच कळी धरल्यासारखं दिसणारं. पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री ते उमलतं, आपण शेजाऱ्यांना हाका मारून बोलावतो, काही घरी त्याला हळदकुंकूही वाहतात. त्या रात्रीचा आनंद खराच आहे. पण ती वनस्पती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची निवडुंगाची जात आहे. आपण जी पानं समजतो ते तिचं चपटं खोड. उत्तराखंडचं ब्रह्मकमळ हिमालयात सुमारे ३००० मीटरच्या वर, खडकाळ उतारांवर येतं आणि ते झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. त्याची जांभळी फुलं फिकट, कागदासारख्या पातळ आवरणात झाकलेली असतात. ते केदारनाथला, बद्रीनाथला वाहतात. नाव एक असलं तरी या दोन वनस्पतींचं कसलंही नातं नाही. घरी आपण काहीही म्हणावं, पण वनस्पती उद्यानाने तरी हा घोळ निस्तरायला हवा होता. तिथे तर तो पाटीवर पक्का झाला.

ओडिशाच्या अशोकाचं तेच. सीता अशोकाच्या जागी उंच, सरळ, झुकलेल्या पानांचा आसुपालव. सीता अशोकाचे केशरी-तांबडे गुच्छ थेट जुन्या फांद्यांवर, खोडावर येतात. ते ज्याने एकदा पाहिले, त्याची अशी गल्लत होणार नाही.

सगळंच चुकलं होतं असं नाही. केरळचा बहावा खरा होता आणि पिवळाधमक फुललेला होता. तिथे एक मल्याळी आई आपल्या मुलीला विषूच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, पहाटे डोळे उघडल्याबरोबर कणिकोन्ना, म्हणजे हाच बहावा, कशी दाखवतात ते सांगत होती. मुलगी मराठीतून प्रश्न विचारत होती, आई मल्याळममधून उत्तरं देत होती. अशा प्रदर्शनाचं काम हेच. म्हणून तर बाकीचं पाहून जीव तुटला.

माझ्या मते मूळ अडचण आठवड्याभरासाठी कुंड्या गोळा करण्यात आहे. सगळी राज्यफुलं एका तारखेला फुलत नाहीत. उत्तर प्रदेश आणि झारखंडचा पळस शिमग्यात फुलून जातो. तमिळनाडूची कळलावी भर पावसात येते, बंगालचा पारिजात शरदात. तेलंगणाच्या तरवडाची पिवळी फुलं नवरात्राच्या सुमाराला बतुकम्मा, म्हणजे देवीसाठीची फुलांची रास, रचायला लागतात. एकाच दिवशी सगळं दाखवायचं ठरवलं की जे हाताला लागेल ते कुंडीत येतं. ही सगळी झाडं आपल्या मातीतही आहेत. तरवड माळावर आहे, कळलावी कुंपणात आहे. आसामचं कोपौ फूल तर आपल्याकडे सह्याद्रीत झाडांच्या खोडांवर लोंबतं. बिहूला तिकडच्या मुली ते केसांत माळतात आणि आपण त्याला सीतेची वेणी म्हणतो! एवढी एक ओळ पाटीवर असती तरी मुलं त्या फुलासमोर थांबली असती.

तेव्हा ही फुलं कायमची जमिनीत लावावीत. पाटीवर आधी मराठी नाव, मग त्या त्या राज्यातलं, मग शास्त्रीय नाव आणि बहराचा महिना असावा. मणिपूरची शिरुई लिली उखरुलजवळच्या शिरुई डोंगरावरच आढळते. ती किंवा हिमालयातलं ब्रह्मकमळ इथे आणण्याचा हट्ट नको. तिथे चांगला फोटो लावावा आणि हे फूल इथे का वाढत नाही ते लिहावं.

चुका मी त्याच दिवशी अभिप्रायाच्या वहीत लिहून आले. तिथल्या कर्मचाऱ्यांनी आदराने ऐकून घेतलं. चार दिवसांनी परत गेले तेव्हा पाट्या तशाच होत्या आणि एका शाळेची रांग त्यांच्यासमोर वह्या उघडून उभी होती. निदान त्या तीन चुका तरी लगेच दुरुस्त व्हाव्यात, एवढ्यासाठी आपल्या वृत्तपत्राचा आधार घेत आहे.

ताम्हणाच्या बियांपासून केलेली अकरा रोपं माझ्या परसात पिशव्यांत तयार आहेत, सगळी कमरेच्या वर गेली आहेत. उद्यानाने जागा दाखवावी. मृगाचा पाऊस लागला की मी स्वतः ती घेऊन येईन.

– एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण