सहा कुळांचा एक जंतू

कोचाबांबा, बोलिव्हिया

प्रिय आई-बाबा,
सप्रेम नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की चागास रोगाचा जंतू १९०९ सालीच सापडला, मग आता त्यात शोधायचं काय उरलं? आवाज तुटत होता, म्हणून लिहूनच कळवते.

कार्लोस चागास हे डॉक्टर ब्राझीलमधल्या लासान्स गावी गेले होते ते रेल्वेच्या मजुरांमधला हिवताप आटोक्यात आणायला. तिथे मातीच्या घरांतला रक्त पिणारा किडा त्यांनी तपासला, त्याच्या पोटात जंतू दिसला आणि पुढे तोच एका लहान मुलीच्या रक्तात सापडला. इथे त्या किड्याला विंचुका म्हणतात. रात्री भिंतीच्या फटीतून येतो, चावतो आणि तिथेच विष्ठा टाकतो. खाजवताना तीच जखमेत जाते. मग वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. शंभरातल्या वीस-तीस जणांचं हृदय मात्र पुढे कधीतरी बिघडतं.

या जंतूचं नाव ट्रिपॅनोसोमा क्रूझी. सूक्ष्मदर्शकाखाली ते सगळे सारखेच दिसतात. जनुकं वाचली की त्यांची सहा कुळं वेगळी निघतात, टीसी-१ ते टीसी-६. वटवाघळांतलं आणखी एक वेगळं धरतात. टीसी-१ ॲमेझॉनपासून वर मेक्सिकोपर्यंत पसरलंय. आमच्याकडे बोलिव्हियात माणसांमध्ये टीसी-५ बरंच सापडतं आणि मला सगळ्यात नवल वाटतं ते त्याचंच. टीसी-५ आणि टीसी-६ ही दोन्ही टीसी-२ आणि टीसी-३ यांच्या संकरातून जन्मलेली. एका पेशीचा हा जीव, बहुतेक वेळा नुसता दुभंगून वाढणारा, पण कधीकाळी दोन कुळं एकत्र आली आणि दोघांचीही जनुकं घेऊन संकर टिकला. २००५ साली या जंतूचा पूर्ण जनुकसंच पहिल्यांदा प्रसिद्ध झाला, तेव्हा निवडलेला वाण नेमका असाच संकरित होता. बहुतेक जनुकांच्या दोन-दोन वेगळ्या प्रती, त्यात जवळपास निम्मा संच पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा. तो गुंता सोडवणाऱ्यांना मी मनापासून मानते.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. रोग जुना झाला की रक्तात जंतू फार थोडे उरतात, म्हणून निदान रक्तातल्या प्रतिपिंडांवरून, म्हणजे शरीर जंतूविरुद्ध बनवतं त्या प्रथिनांवरून, करतात. पण एका भागातल्या रुग्णांना चांगली ओळखणारी चाचणी दुसरीकडे कमी पडते. मेक्सिकोत आणि पेरूच्या काही भागांत असं दिसलंय. त्यामुळेच दोन वेगळ्या पद्धतींच्या चाचण्या कराव्या लागतात. ज्या बाईचं निदान हुकलं, तिच्याकडून गरोदरपणात बाळाला लागण होऊ शकते, आणि कोणाला कळतही नाही. जन्मल्यावर लगेच कळलं तर औषधाने बाळ जवळपास हमखास बरं होतं. जंतूची कुळं नीट ठाऊक असल्याशिवाय सगळीकडे चालणारी चाचणी बनवता येणार नाही, हे माझं ठाम मत आहे.

अन्ननलिका आणि मोठं आतडं फुगण्याचा त्रास ब्राझील, बोलिव्हिया, अर्जेंटिनात दिसतो, उत्तरेकडे क्वचितच. त्यात जंतूचा वाटा किती नि माणसाच्या शरीराचा किती, यावर वाद चालू आहे. एकाच माणसात दोन कुळंही असू शकतात, आणि रक्तात सापडलेलं कूळ हृदयात असेलच असं नाही.

बाबा, तुम्ही गुरांच्या दवाखान्यात कामाला असताना सरा हा रोग पाहिलाय. तो ज्या ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीमुळे होतो, तो चागासच्या जंतूचाच भाऊबंद. २००४ साली आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला त्याची लागण झाली. माणसाच्या रक्तातलं एक प्रथिन एरवी हा जंतू मारून टाकतं. त्या शेतकऱ्याच्या शरीरात त्या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत बिघाड होता, म्हणून प्रथिनच बनत नव्हतं. औषधाने तो बरा झाला. म्हणजे जंतूची जनुकं वाचून भागत नाही, माणसाचीही वाचावी लागतात. इथल्या सहकाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नकाशावर चंद्रपूर शोधलं.

आई, हा रोग शिवल्याने होत नाही आणि मी पक्क्या इमारतीत राहते, तेव्हा उगाच जागत बसू नकोस. बाबा, सरा झालेली बैलं आणि म्हशी यांच्यात तुम्हाला काय फरक दिसायचा, ते आठवेल तसं लिहून पाठवा. मला कामाला लागेल.

तुमची,
मनू