नाव नसलेल्या दुखण्याविषयी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, आता शेवटचं एकदा सगळ्या तपासण्या नव्याने करून घेऊ," आणि मी "बघू" एवढेच म्हणून विषय बदलला. मी टाळाटाळ करते आहे असे तुला वाटले असेल. पण ते फोनवर उरकण्याजोगे बोलणे नव्हते, शिवाय त्या वेळी माझे पोट गच्च धरलेले होते आणि तशा अवस्थेत मी जे बोलते त्यात चीडच अधिक असते. आजची दुपार बरी आहे, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

तेरा वर्षांपूर्वी घरात आपल्या तिघांनाही एकाच वेळी जुलाब आणि उलट्या झाल्या होत्या, ते तुला आठवत असेल. तू आणि बाबा आठवड्याभरात उठून कामाला लागलात. माझेही जुलाब थांबले, ताप उतरला, पण पोट पूर्वीसारखे झालेच नाही. पुष्कळ वर्षे मी या दोन गोष्टींचा संबंधच जोडला नव्हता. जंतुसंसर्ग तर केव्हाच बरा झाला होता, मग त्याला दोष कसा द्यायचा, असे मला वाटे. पुढे आताच्या डॉक्टरांनी मला समजावले की पोटाच्या अशा संसर्गानंतर साधारण दहांतल्या एकाला दीर्घकाळ टिकणारा आतड्यांचा त्रास मागे राहतो. त्यांच्याकडूनच मला कॅनडातील वॉकर्टन गावाची हकिकत कळली. तेथे २००० सालच्या मे महिन्यात पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळले, दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले, काही दगावले, आणि जे बरे झाले त्यांच्यावर संशोधकांनी वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. आठ वर्षांनंतरही त्यांच्यापैकी अनेकांच्या पोटाचा त्रास चालूच होता. ते ऐकून मला रडू आले होते. वाईट वाटले म्हणून नव्हे, तर आपल्यासारखी माणसे कुठेतरी मोजली गेली आहेत एवढ्यानेच आले होते.

माझा दिवस कसा जातो, हे मी तुला कधी नीट सांगितलेले नाही. विचारलेस की "आज जरा बरं नाही" म्हणून मोकळी होते. सकाळी उठते तेव्हा पोट सपाट असते आणि पहिले दोन तास मी जवळजवळ निरोगी असते, म्हणून महत्त्वाची कामे मी तेव्हाच हातावेगळी करते. दुपारच्या जेवणात चार घास पोटात गेले की भरपेट जेवल्यासारखा जडपणा येतो आणि अर्ध्या तासात बरगड्यांखाली फुगा भरत जावा तसे पोट फुगू लागते. सकाळी सैल असलेले कपडे दुपारी इतके काचतात की संध्याकाळी कमरेवर त्यांचा लाल वळ उठलेला असतो. मग मळमळ, मग खाली डाव्या बाजूला मुरडा, कधी तीन दिवस पोट साफ होत नाही आणि कधी तासाभरात तीनदा जावे लागते. कोणाकडे गेले की मी दाराजवळची खुर्ची का धरते, हे आता तुझ्या ध्यानात येईल. तुझ्या पदवीदान समारंभात मी तुझे नाव पुकारण्याआधीच उठून बाहेर गेले होते. परत आले तेव्हा तू खाली उतरत होतास. तू त्याबद्दल कधी एक शब्दही बोलला नाहीस, पण ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

पोटाचे तरी लोकांना सांगता येते. त्याच्याबरोबर बाकीच्या शरीराचे जे होते ते सांगायला गेले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर अविश्वास उमटताना दिसतो. पोट बिघडले की डोके जड होते, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते, सांधे ठणकतात, अंगात ताप नसताना कणकण वाटते आणि अंथरुणातून उठून उभे राहिले की छातीत धडधडून डोळ्यांपुढे अंधारी येते. या शेवटच्या लक्षणासाठी गेल्या वर्षी मला दहा मिनिटे आडवे निजवून आणि मग दहा मिनिटे उभे करून नाडी मोजली. उभे राहिल्यावर रक्तदाब न उतरता नाडीचे ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक वाढले आणि वाढलेलेच राहिले, तर त्या विकाराला नाव देता येते. माझे २६ ने वाढले. म्हणजे तेथेही मी नावाच्या उंबरठ्याबाहेरच राहिले. तरी त्या डॉक्टरांनी मला तसेच परत पाठवले नाही. सावकाश उठायचे, उठण्याआधी पोटऱ्या आवळून सोडायच्या, दिवसभर थोडे थोडे पाणी घ्यायचे, एकदम पोटभर न खाता लहान लहान वाटण्या करायच्या, असे त्यांनी सांगितले. त्यामुळे सकाळची अंधारी पुष्कळ कमी झाली आहे. नाव नसतानाही उपाय असू शकतो, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

आता तुझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. माझी फाईल तू पाहिली आहेस. तिच्यातल्या खुणेच्या निळ्या चिठ्ठ्या तूच बारावीच्या सुट्टीत चिकटवल्या होत्यास. दोनदा एंडोस्कोपी, एकदा कोलोनोस्कोपी, सीटी स्कॅन, सोनोग्राफी किती वेळा ते मी मोजायचे सोडले आहे, थायरॉईड, लोह, बी-१२, आतड्यांची सूज दाखवणारी शौचाची तपासणी, हे सगळे झाले आणि सगळे नॉर्मल आले. प्रत्येक वेळी तो शब्द वाचून तुम्हा दोघांचा जीव भांड्यात पडे आणि माझा मात्र घशात अडके, कारण त्यानंतर बोलायला काही उरत नसे. एका डॉक्टरांनी तर फाईल मिटून माझ्याकडे न पाहता बाबांना सांगितले की यांना टेन्शन घेण्याची सवय आहे. ते मी चार वर्षे खरे मानले. त्या चार वर्षांत दुखण्यापेक्षा अधिक त्रास मला त्या एका वाक्याने दिला.

या तपासण्या आतड्याची रचना पाहतात. जखम, गाठ, सूज, अडथळा असेल तर ती दिसते. आतड्याचे चलनवलन आणि त्याची संवेदना त्यांत दिसत नाही. अन्ननलिकेपासून शेवटपर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत मज्जापेशींचे स्वतःचे जाळे असते आणि त्या पेशींची संख्या दहा कोटींहून अधिक मानली जाते. पोट आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतले सुमारे ८० टक्के धागे खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. १९७३ साली रिची नावाच्या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात लहान फुगा ठेवून तो थोडा थोडा फुगवला, तेव्हा ६० मिलिलिटरपर्यंत निरोगी माणसांपैकी फारच थोड्यांना दुखले, पण माझ्यासारखा त्रास असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना दुखले. फुगा तोच, हवा तेवढीच, आतडे दिसायला तसेच. निरोप मात्र मोठ्या आवाजात वर पोहोचत होता. पोटाच्या अशा दुखण्यांचे निदान कसे करावे हे तज्ज्ञांनी ठरवलेल्या २०१६ च्या रोम निकषांत अशा विकारांना पोट आणि मेंदू यांच्या परस्परसंवादाचे विकार म्हटले आहे. हे समजल्यापासून "रिपोर्ट नॉर्मल आहेत" हे वाक्य मी पूर्वीइतके मनाला लावून घेत नाही.

तू म्हणशील की असे मानून गप्प बसणे धोक्याचे आहे, आणि तुझे म्हणणे मी सोडून देत नाही. जठराचे व्रण ताणामुळे आणि आम्लामुळे होतात असे डॉक्टर वर्षानुवर्षे सांगत होते. मग १९८४ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर बॅरी मार्शल यांनी स्वतः जिवाणूंचे द्रावण पिऊन दाखवले की त्या जंतूने जठराला सूज येते, आणि २००५ साली त्यांना व त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळाले. उद्या माझ्याही दुखण्याचे असे काही कारण सापडेल, ही आशा मला आहे. परंतु तीच एंडोस्कोपी तिसऱ्यांदा केल्याने ते सापडेल असे मला वाटत नाही. म्हणून मी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवले आहे की पुन्हा तपासणी कशासाठी करायची, हे आधी लिहून ठेवायचे. शौचावाटे रक्त किंवा काळसर शौच, प्रयत्न न करता उतरणारे वजन, झोपेतून जागे करणारी वेदना किंवा जुलाब, ताप, घास अडकणे, रक्तातले लोह कमी होणे, थांबत नसलेली उलटी, आणि या वयात पूर्वी कधी नव्हते असे एखादे नवे लक्षण. यांपैकी काही दिसले तर त्याच आठवड्यात मी जाईन, तू सांगण्याची वाट पाहणार नाही. हा कागद फाईलीच्या पहिल्या पानावर लावला आहे.

तू अधूनमधून पाठवतोस ते आहाराचे सल्ले मी वाचते. तुझी काळजी त्यातून दिसते, पण ते आता पाठवू नकोस, अशी माझी मनापासून विनंती आहे. तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगते. तू पहिल्या नोकरीसाठी बाहेर होतास त्या दीड वर्षात मी एकेक पदार्थ सोडत इतकी खाली आले होते की माझ्या ताटात जेमतेम सहा-सात गोष्टी उरल्या होत्या. जे सोडले त्याने दोन दिवस बरे वाटे, मग त्रास परत येई, मग मी आणखी एक सोडी. त्यातच गहू सोडून चार महिने झाल्यावर मी सीलिअॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या रोगाची, रक्ततपासणी केली. ती ग्लूटेन खाण्यात असतानाच करायची असते, नाहीतर रोग असूनही रक्तात तो दिसेलच असे नाही. मला पुन्हा सहा आठवडे गहू खावा लागला आणि त्या सहा आठवड्यांत मी किती वेळा मागे फिरायचा विचार केला ते बाबांना विचार. तो रोग मला नाही, हे तेव्हा निश्चित झाले. त्यानंतर आहारतज्ज्ञांकडे गेले. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने विकसित केलेला, आतड्यात आंबणाऱ्या शर्करा कमी करण्याचा आहार त्यांनी मला दिला, पण पहिल्याच दिवशी बजावले की कडक वर्ज्य दोन ते सहा आठवडेच, मग एकेक गट परत आणून पाहायचे आणि जे सोसते ते सगळे पुन्हा खायचे. मी एकटीने जे करत होते त्यात परत आणणे हा भागच नव्हता. आज माझ्या वहीत मोजून चार गोष्टी न सोसणाऱ्या आहेत. बाकीचे मी खाते, कमी खाते, सावकाश खाते, आणि कधी कधी खाऊन पस्तावतेही.

औषधाबद्दल तू बाबांशी बोललास ते मला कळले. आईला नैराश्याची गोळी का दिली आहे, असे तू विचारलेस. ते औषध अॅमिट्रिप्टिलिन आहे आणि नैराश्यासाठी ते ज्या प्रमाणात देतात त्याच्या बऱ्याच खाली, रात्री १० मिलिग्रॅमपासून, मला दिले आहे. आतड्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या निरोपाचा आवाज ते कमी करते. २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४६३ रुग्णांवर सहा महिने हेच पाहिले गेले आणि खोट्या गोळीपेक्षा या औषधाने अधिक आराम मिळाला. मला त्याने तोंड कोरडे पडते आणि सकाळी अंमळ सुस्ती राहते, पण मुरड्याची धार बोथट झाली आहे. ती चिठ्ठी प्रथम वाचली तेव्हा मलाही तुझ्यासारखेच वाटले होते, म्हणून तुझा राग आला नाही.

मन आणि पोट यांचा संबंध मी नाकारत नाही. तुझा अपघात झाला त्या आठवड्यात माझ्या पोटाने काय केले ते मला माहीत आहे. पण तो अपघात व्हायच्या कितीतरी आधीपासून, सुखाच्या दिवसांतही, पोट असेच वागत आले आहे, हेही मला माहीत आहे. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात, आणि माझ्या घरात तरी मला त्या दोन्ही एकाच वेळी बोलता याव्यात, इतकेच माझे मागणे आहे. तू आलास की मी हसून दार उघडते आणि मग दोन दिवस निजून काढते, हे यापुढे मला करायचे नाही. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी मी आत पडून राहीन, आणि तू माझ्या खोलीत खुर्ची ओढून आपले काम करत बसलास तर मला फार बरे वाटेल. काही बोलायची गरज नाही.

राहता राहिले एक काम, जे तूच करू शकतोस. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी मला डॉक्टरांकडे जायचे आहे. त्यांनी विचारले आहे की वर्षभरात बाहेरून पाहणाऱ्याला काय फरक दिसतो. बाबा रोज पाहतात, त्यामुळे त्यांना ते सांगता येत नाही. तू तीन-चार महिन्यांनी पाहतोस. गेल्या खेपेला तू म्हणाला होतास की मी आता जिन्यात अर्ध्यावर थांबते आणि पूर्वी थांबत नव्हते. मला स्वतःला ते जाणवले नव्हते. असे आणखी जे आठवेल ते, साधारण केव्हाचे आहे त्यासह, एका कागदावर लिहून घेऊन ये. तेथे रुग्णाच्या शेजारी एकच खुर्ची असते, आणि त्या दिवशी बाबांनी बाहेर थांबायचे कबूल केले आहे.

तुझी,
आई